पावडर कोटिंग ओव्हनचं तापमान १८२ ते २०९ मध्ये झुलतंय, पीआयडीचे आकडे कसे ठरवायचे?

कोटिंग_शेड
१८ किलोवॉटचा इलेक्ट्रिक बॉक्स ओव्हन आहे. तीन फेज, हीटर स्टारमध्ये, फेजला साधारण २५ अँपिअर. हवा फिरवायला ब्लोअर, के टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर), पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून हीटर कमी-जास्त करणारा) आणि एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). सेटिंग १९५ अंश, पण पीव्ही (सेन्सरने मोजलेलं तापमान) १८२ ते २०९ मध्ये झुलत राहतं. एक फेरी साधारण ४ मिनिटांची. कंट्रोलरमध्ये पी (प्रपोर्शनल बँड) ५ अंश, आय (इंटिग्रल) ४० सेकंद, डी (डेरिव्हेटिव्ह) १० सेकंद, सायकल टाइम (हीटरच्या एका चालू-बंद फेरीचा वेळ) २० सेकंद. सकाळी ओव्हन गरम होता होता ८० अंशांवर ऑटोट्यून (कंट्रोलरने स्वतः आकडे काढणं) लावून पाहिलं, फरक नाही. पांढरी पावडर पिवळट पडतेय. पी कमी करायचा की वाढवायचा?

पॅनेल_वायरिंग
पी, आय, डीला हात लावण्याआधी थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंतची वायर बघा. पांढरा रंग पिवळा पडतोय म्हणजे दाखवतंय त्यापेक्षा आतली हवा जास्त गरम असण्याची दाट शक्यता आहे.

थर्मोकपलच्या डोक्यापासून पॅनेलपर्यंत के टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबलच हवी. तिथे साधी तांब्याची टू-कोअर वायर ओढली असेल तर ओव्हनवरच्या जोडाचं तापमान आणि कंट्रोलरच्या टर्मिनलचं तापमान यात जेवढा फरक, तेवढी चूक होते. जोड ५५ अंशांवर आणि पॅनेल ३५ वर असेल तर रीडिंग २० अंश कमी येणार. डिस्प्लेवर १९५, आत २१५.

केबलचे रंगही नीट बघा. आयईसीच्या पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. अमेरिकी पद्धतीच्या केबलमध्ये पिवळी प्लस आणि लाल मायनस. लाल म्हणजे प्लस या सवयीने इथे हमखास उलटं जोडलं जातं. दोन्ही टोकांना उलटं जोडलं तर डिस्प्लेवर आकडा येतो, पण तो चुकीचा.

आणि एसएसआर असताना सायकल टाइम २० कशाला? तो आकडा कॉन्टॅक्टरसाठी (यांत्रिक स्विच), त्याचे कॉन्टॅक्ट लवकर जळू नयेत म्हणून. एसएसआरला २ सेकंद ठेवा.

लूप_ट्यूनिंग
वरचं सगळं आधी करा, मग हे.

तुमचा पी ५ अंश आहे, म्हणजे १९० च्या खाली हीटर पूर्ण चालू आणि १९५ च्या आसपास जवळजवळ बंद. पीव्ही २७ अंशांत झुलतंय आणि बँड ५ अंशांचा, म्हणजे तो कंट्रोलर नावालाच पीआयडी आहे, काम ऑन-ऑफचं करतोय. गीझरला ऑन-ऑफ चालतं. पाण्याचा साठा मोठा असतो आणि दोन-चार अंशांनी कुणाचं अडत नाही. ओव्हनमध्ये हीटर बंद केला तरी कॉइल तापलेलीच असते, तिची उष्णता हवेत, हवेतून सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो. तोवर तापमान वर चढलेलं असतं. उतरतानाही तसंच. झोका किती मोठा होणार हे या उशिरावर ठरतं, आणि आय ४० सेकंद इतका घाईचा ठेवल्यामुळे तो आणखी वाढतो.

म्हणून आधी उशीर मोजा. ब्लोअर चालू, दार बंद, नेहमीइतके जॉब टांगलेले. कंट्रोलर मॅन्युअलवर घ्या, आउटपुट ४० टक्के. पीव्ही १० मिनिटं हललं नाही की ते लिहून ठेवा आणि आउटपुट एकदम ५० करा. पहिली ५ मिनिटं दर १० सेकंदांनी, नंतर दर मिनिटाला पीव्ही लिहा, पुन्हा स्थिर होईपर्यंत. पाऊण तास तरी लागेल. मध्ये दार उघडलं तर पुन्हा सुरुवातीपासून. तीन आकडे हवेत: पीव्ही हलायला किती सेकंद लागले, एकूण किती अंश वाढलं, आणि त्या वाढीचा ६३ टक्के टप्पा कधी गाठला.

ऑटोट्यूनही याच कामासाठी आहे. ऑस्ट्रॉम आणि हेगलुंड यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या रिले पद्धतीवर बरेच कंट्रोलर चालतात: मुद्दाम ऑन-ऑफ करून झोक्याची उंची आणि वेळ मोजायची, त्यावरून आकडे काढायचे. पण ८० अंशांवर बाहेर जाणारी उष्णता कमी असते, १९५ ला बरीच जास्त, म्हणून तिथले आकडे इथे चालत नाहीत. त्यात २० सेकंदांची सायकल असेल तर तो उशीरही मोजमापात शिरतो.

कोटिंग_शेड
पॅनेलपर्यंत खरंच साधी तांब्याची वायर होती. के टाइप केबल टाकली, सायकल टाइम २ केला. मग चाचणी: ४० टक्क्यांवर १६०, ५० टक्क्यांवर १९०. हलायला ४० सेकंद. १७९ ला पोहोचायला बदल केल्यापासून १० मिनिटं.

लूप_ट्यूनिंग
उत्तम आकडे आहेत. १० टक्क्यांना ३० अंश, म्हणजे १ टक्क्याला ३ अंश. उशीर ४० सेकंद. टाइम कॉन्स्टंट (हलायला लागल्यापासून ६३ टक्के टप्प्यापर्यंतचा वेळ) ६०० वजा ४०, म्हणजे ५६० सेकंद.

अशा भट्टीला झीग्लर-निकोल्स या ट्यूनिंग पद्धतीचे १९४२ चे आकडे फार आक्रमक पडतात. स्कोगेस्टाड यांचा २००३ चा नियम वापरा. गेन (एका अंशाच्या फरकाला किती टक्के आउटपुट) = ५६० भागिले (३ × २ × ४०), म्हणजे अंशाला सुमारे २.३ टक्के. प्रपोर्शनल बँड = १०० भागिले २.३, साधारण ४३ अंश. आय = उशिराच्या ८ पट, ३२० सेकंद. डी शून्य.

कुठे ५ आणि कुठे ४३! आकडा बघून घाबरू नका, हाच बरोबर आहे. फक्त तुमच्या कंट्रोलरमध्ये पी अंशात आहे की रेंजच्या टक्क्यांत, ते मॅन्युअलमध्ये बघा. ० ते ४०० रेंज असेल तर ४३ अंश म्हणजे १०.८ टक्के.

थंड ओव्हन चालू करताना एक अडचण येईल. आउटपुट बराच वेळ १०० वर अडकलेलं असतं आणि इंटिग्रल (साठत गेलेल्या फरकावर चालणारा भाग) मागे साठत राहतं. मग १९५ ओलांडून पुढे जातं. हे साठणं रोखायला अँटी-रीसेट वाइंडअपचा पर्याय असतो, इंटिग्रल फक्त बँडच्या आत चालेल असं सेट करा. आणि वर्षभरात ओव्हनचा प्रतिसाद संथ वाटू लागला तर आधी पुरवठ्याचा व्होल्टेज मोजा. ४१५ चे ३८० झाले की हीटरची पॉवर सुमारे १६ टक्क्यांनी घटते, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते.

मेंटेनन्स_पाळी
दोन गोष्टी राहिल्या, आणि त्या सुरक्षेच्या आहेत.

एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो, म्हणजे चालूच राहतो. कंट्रोलर शून्य टक्के दाखवत असतो आणि हीटर तापत असतो. म्हणून वेगळा थर्मोकपल, वेगळा ओव्हर-टेम्परेचर कंट्रोलर २३० वर, आणि त्याने हीटरचा मुख्य कॉन्टॅक्टर पाडायचा, हाताने रीसेट केल्याशिवाय परत लागणार नाही असा. मुख्य पीआयडी कंट्रोलरच्याच अलार्मवर हे काम सोपवू नका, कारण सेन्सर खोटं बोलला तर अलार्मही खोटाच. एसएसआरला हीट सिंक हवीच. प्रत्येक अँपिअरमागे एक-दीड वॉट उष्णता, म्हणजे २५ अँपिअरला फेजमागे २५ ते ३८ वॉट. बंद पॅनेलमध्ये ती बाहेर जायला पंखा लावा.

दुसरं म्हणजे दार. लिमिट स्विचने हीटर तोडत असाल तर कंट्रोलरला ते कळत नाही. पीव्ही पडतं, तो आउटपुट आणि इंटिग्रल वाढवत बसतो आणि दार लागलं की तापमान उसळतं. लिमिट स्विचचा एक कॉन्टॅक्ट कंट्रोलरच्या डिजिटल इनपुटला द्या आणि त्यावर होल्ड (आउटपुट आणि इंटिग्रल आहे तिथेच थांबवणं) लावा. हे केलं नाही तर दर लॉटनंतर उसळी येईल आणि तुम्ही पुन्हा पी, आय फिरवत बसाल.

कोटिंग_शेड
४३, ३२०, ० टाकलं. आता १९३ ते १९७ मध्ये राहतंय, दार उघडल्यावर मात्र २०४ पर्यंत जातं. डिजिटल इनपुट आहे, उद्या जोडतो. ओव्हर-टेम्परेचरचा दुसरा सेन्सर ब्लोअरच्या तोंडाशी घ्यायचा की जॉबच्या उंचीला?

मेंटेनन्स_पाळी
हीटरवरून हवा बाहेर पडते तिथे. ब्लोअर बंद पडला तर सगळ्यात आधी तिथेच तापतं. ब्लोअरच्या ओव्हरलोड रिलेचा कॉन्टॅक्टही हीटरच्या कॉन्टॅक्टरमधून घ्या, हवा थांबली की हीटर पडलाच पाहिजे.