मदत हवी आहे: मेल्ड स्कोअर स्थिर, पण बाबांचे स्नायू झिजताहेत

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ६१) तीन वर्षांपासून लिव्हर सिरॉसिस आहे. पोटातलं पाणी गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात. मेल्ड स्कोअर (लिव्हरचा आजार किती गंभीर आहे ते रक्ततपासणीवरून सांगणारा आकडा, जास्त म्हणजे वाईट) वर्षभर १२-१३. दर तपासणीला "रिपोर्ट स्थिर आहेत, वजनही तेवढंच आहे" हे ऐकून आम्ही घरी येतो.

घरी मात्र वेगळंच दिसतं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी घड्याळ कोपराकडे घसरतं. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. पँट कमरेला घट्ट, मांडीला ढगळ. काट्यावर भरतंय ते पाणीच असावं, असं मला वाटतं.

मग वाचायला बसले. मेल्डमध्ये बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) धरतात, स्नायू कुठेच नाहीत. उलट क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, म्हणजे स्नायू झिजले की ते कमी येतं आणि स्कोअर आहे त्यापेक्षा बरा दिसतो! सिरॉसिसची तीव्रता ठरवणाऱ्या १९६४च्या चाइल्ड-टर्कॉट वर्गीकरणात रुग्णाचं पोषण हा एक निकष होता. १९७३मध्ये तो काढून प्रोथ्रॉम्बिन टाइम (हीही रक्त गोठण्याचीच तपासणी) आला. याचं मला फार वाईट वाटलं, कारण सिरॉसिसमध्ये स्नायू घटलेल्यांना इन्फेक्शनचा आणि मृत्यूचा धोका जास्त असतो. शिवाय लिव्हरला न झेपणारा अमोनिया स्नायूच उचलतात. ते गेले की अमोनिया मेंदूपर्यंत पोचून भ्रम (माणूस गोंधळल्यासारखा होणं) होण्याची भीती वाढते.

जानेवारीत बाबांचा पोटाचा सीटी झालाय. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायूंचं क्षेत्रफळ मोजून त्याला उंचीच्या वर्गाने भागतात. पुरुषांत ५० आणि स्त्रियांत ३९ चौ.सेमी प्रति चौ.मी.पेक्षा कमी आलं तर स्नायू घटलेत असं धरतात. जुन्या सीटीवरून हे कुणी काढून घेतलंय का? रेडिओलॉजिस्टना थेट विचारायचं की डॉक्टरांकडून लिहून आणायचं?

दुसरं, प्रथिनांचं. भ्रम होईल म्हणून प्रथिनं कमी करा, असं एका नातेवाइकांनी सांगितलं आणि आम्ही चार महिने ते ऐकलं. आता कळतंय की किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम द्यायला सांगतात, आणि रात्रीचा उपास लांबू नये म्हणून झोपण्याआधीही खायला देतात. पण किलो कुठले धरायचे? पाण्यासकटचे की पाणी वजा करून? तुमच्या आहारतज्ज्ञांनी हिशोब कसा केला?

गुरुवारी तपासणी आहे. त्याआधी कुणी अनुभव सांगितला तर डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते लिहून नेता येईल.