वृद्धांच्या घरांचा चौक: आत असावा की रस्त्याकडे?

ओसरी: लंडनच्या शोरडिचमधली जेफ्री आम्सहाउसेस बघून आले. गरीब वृद्धांसाठी १७१४ साली बांधलेली धर्मादाय घरं. १९१४ पासून तिथे संग्रहालय आहे. तीन बाजूंना विटांची चौदा घरं, मध्ये हिरवळीचा चौक. वृद्धांसाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही. दारात उभं राहिलं की सगळ्यांची दारं दिसतात. एखादं दार दुपारपर्यंत उघडलं नाही, तर शेजाऱ्याच्या लगेच लक्षात येणार. माझी आजी ज्या वृद्धाश्रमात होती, तिथे लांबच लांब कॉरिडॉर आणि सगळी दारं एकसारखी. आपली खोली चुकू नये म्हणून तिनं कडीला हिरवी लोकर बांधली होती.

हमरस्ता: तुम्हाला हिरवळ दिसली, फाटक नाही दिसलं. मधोमध चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, आणि त्याच्या दारावर देणगीदार रॉबर्ट जेफ्रीचा पुतळा. त्याचा पैसा गुलामांच्या व्यापारातही होता. येता-जाता त्याच्याच नजरेखालून जायचं! ही रचना माणसाला मिंधं करते आणि गावापासून तोडते. त्यापेक्षा लंडनच्याच बर्मंडसीतलं ॲपलबी ब्लू बघा, वास्तुरचनेसाठीचं २०२५ चं स्टर्लिंग पारितोषिक मिळालेलं. तेही आम्सहाउसच, ५९ घरांचं. पण सगळ्यांनी मिळून बसायची जागा थेट रस्त्याला लागून, मोठ्या काचांची.

ओसरी: पुतळ्याचं शंभर टक्के मान्य. पण आतली बाग ॲपलबी ब्लूनेही सोडलेली नाही, हेही बघा.

कडीकोयंडा: चौकाइतकंच दारही महत्त्वाचं. जर्मनीत आउग्सबुर्गला याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने १५२१ मध्ये वसवलेली फुगेराय ही वसाहत आहे. गरजू कॅथलिकांसाठी, त्यामुळे फक्त वृद्धांची नाही. वर्षाचं मूळ भाडं आजही ८८ सेंट. घरं दुमजली, पण वरच्या बिऱ्हाडालाही गल्लीत उघडणारं स्वतःचं दार. घंटा ओढायच्या लोखंडी मुठी वेगवेगळ्या आकारांच्या, म्हणजे अंधारात चाचपूनही आपलं दार कळावं. ओसरीताई, तुमच्या आजींची लोकर म्हणजे तेच की.

हमरस्ता: आणि रात्री दहाला वेशी बंद, उशीर झाला तर दंड, रोज तीन प्रार्थना. घर म्हटल्यावर अशा अटी कशाला?

ओसरी: अटी मलाही नकोत. पण गल्लीत उघडणारं स्वतःचं दार हवंच. आजी चौथ्या मजल्यावर होती. खाली यायचं तर मदतनीस बाईंना सवड हवी. शेवटचं वर्षभर तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.