पावसात मुलांना बाहेर न्यायचं की नाही

काही जण म्हणतात की जून ते सप्टेंबर स्काउटच्या मुलांचा कॅम्प नकोच, रिस्क आहे. मला नाही पटत. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलने 1907 मध्ये पहिला कॅम्प घेतला तो बेटावर, वीसेक पोरं घेऊन, आणि पोरांना छोट्या पॅट्रोलमध्ये, म्हणजे गटांमध्ये, वाटून जबाबदारी त्यांच्याच अंगावर टाकली, सगळी गंमत तिथेच तर आहे ना.

फक्त पाण्याच्या बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. एकदा गोव्यात नेत्रावळीच्या बाजूला आम्ही व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठावर डबे उघडले होते, आमच्याकडे पाऊस नव्हता, पण एका सातवीतल्या मुलीने सांगितलं सर पाणी लाल झालं आणि काटक्या वाहून येतायत. लगेच शिटी मारली, डबे तिथेच टाकून सगळे वर चढलो, थोड्या वेळात आम्ही बसलेलो तो दगड दिसेना. घाटात वर पाऊस पडला की खाली असं होतं. तेव्हापासून पाणी गढूळ होणं, पालापाचोळा येणं, आवाज वाढणं हे मी गाठींच्याही आधी शिकवतो.

धबधब्याखाली पोहणं बंद, वनखात्याने बंदी घातली असेल तर तिकडे जायचंच नाही. त्यापेक्षा कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, कंपास घेऊन वाट शोधायला लावा, ओल्या लाकडावर चूल पेटवायला द्या, बोलाइन गाठ (दोरीला न आवळणारा फास करायची) डोळे मिटून मारायला लावा. जोडीदार सोडून कोणी झुडपामागेही जायचं नाही. आणि जळवांसाठी मीठ न्या, पोरं जळवांनाच जास्त घाबरतात.