मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन जंगलातल्या जुन्या केबिनमध्ये राहायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही सिअ‍ॅटलला असतो. साताऱ्याहून आईबाबा आलेत आणि नोव्हेंबरमध्ये दोन रात्री इंटरोरेम केबिनचं बुकिंग मिळालंय. ऑलिम्पिक डोंगरांच्या पायथ्याशी डकाबुश नदीजवळ आहे, फॉरेस्टवाल्यांनी १९०७ साली सोललेल्या ओंडक्यांची बांधलेली. बाबा स्वतः वनखात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा रेंजर कसा राहायचा ते त्यांना बघायचंच आहे, फोटो दाखवल्यापासून रोज तोच विषय.

आता अडचण अशी की तिथे वीज नाही, नळ नाही, पाणी आपणच न्यायचं आणि संडास बाहेर. आईचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा तरी उठावं लागतं, त्यात तेव्हा साडेचारलाच अंधार पडतो आणि पाऊस तर असतोच. कोणी वयस्कर माणसांना घेऊन अशा केबिनमध्ये राहिलंय का? रात्रीचं काय केलंत? आत कमोड चेअर ठेवली तर चालेल का, की उगाच त्रास? चौघांना दोन दिवसांचं पाणी किती कॅन न्यावं, भांडी घासण्यासकट? आणि तिकडे काळी अस्वलं आहेत, तर फोडणीचा वास, उरलेलं खरकटं याचं नेमकं काय करायचं, सगळं गाडीत बंद करून ठेवता का?

आईला नुसतं ब्रेड-सूपवर ठेवायचं नाहीये, निदान गरम पिठलं-भात तरी व्हावा. प्लीज अनुभव असेल तर सविस्तर सांगा, कॅन्सल करायचं तर या आठवड्यातच ठरवावं लागेल.