ॲलन शिअरर : १९९७ च्या दुखापतीनंतर नेमकं काय बदललं?

चौकटराजा
इंग्लंडचा फुटबॉल आघाडीवीर शिअररचे ब्लॅकबर्न क्लबकडचे गोल आणि २००० नंतरचे न्यूकॅसल क्लबकडचे गोल लागोपाठ पाहिले तर दोन वेगळे खेळाडू वाटतात. आधीचा बचावफळीच्या मागे सुसाट पळतो, नंतरचा बचावपटूला पाठीशी घेऊन ठाण मांडतो. हे १९९७ ला मोडलेल्या घोट्यामुळे झालं की वयामुळे? आणि प्रीमियर लीगमधले (इंग्लंडची अव्वल लीग) २६० गोल पेनल्टींनी फुगलेत, असं सारखं ऐकू येतं. त्यात तथ्य किती?

नऊनंबरी
आधी गुडघा. डिसेंबर १९९२ मध्ये एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध) फाटला तेव्हा लीगमध्ये २१ सामन्यांत १६ गोल झाले होते. पुढच्या मोसमात ४० सामन्यांत ३१, त्याच्या पुढच्यात ३४ आणि ब्लॅकबर्न विजेते. म्हणजे गुडघ्याने त्याचं फारसं काही अडवलं नाही.

खरा घाव जुलै १९९७ चा. गुडिसन पार्कवर (एव्हर्टन क्लबचं तेव्हाचं मैदान) मोसमाआधीच्या सामन्यात घोटा मोडला, अस्थिबंधही फाटले. जानेवारीत परतला, पण त्या मोसमात लीगमध्ये १७ सामने आणि गोल फक्त २. घोटा ताठरला की पहिल्या तीन-चार पावलांचा झटका जातो. लांब पळताना ते तितकं जाणवत नाही, पण बचावपटूच्या मागे निसटायला नेमका तोच लागतो. मग पास पायातच मागणं आलं.

तो चेंडू कसा राखायचा तेही बघा. पास सुटता सुटता बचावपटूच्या अंगाला भिडायचं, म्हणजे त्याला मुसंडी मारायला जागाच उरत नाही. गुडघे वाकलेले, बूड खाली, दंड आडवा पण खांद्याच्या खाली (वर गेला की फाउल, आणि शिअररला ते पुष्कळदा पचायचे, हा भाग वेगळा!). चेंडू बचावपटूपासून लांबच्या पायावर घ्यायचा. फार लवकर रेललात तर तो बाजूला सरकतो आणि तुम्ही तोल जाऊन पडता. उशीर केलात तर तो पुढून येऊन चेंडू काढून नेतो.

ऑफसाइड_काका
नऊनंबरी, हे खरं, पण अर्धंच. १९९८-९९ ला ३० सामन्यांत १४ गोल, म्हणजे गाडी रुळावर आली होती, पण पूर्वीची धार नव्हती. ऑगस्ट १९९९ मध्ये न्यूकॅसलचा प्रशिक्षक गुलिट याने त्याला संडरलँडविरुद्ध बाकावर बसवलं, न्यूकॅसल १-२ हरलं आणि काही दिवसांत गुलिटच गेला.

गुलिटच्या जागी बॉबी रॉबसन आल्यावर त्याने दाखवलेली चूक फार सोपी होती : तू सतत पाठ करून उभा राहतोस. पूर्ण पाठ केली की वळायला दोन-तीन स्पर्श लागतात आणि तोवर दुसरा बचावपटू पोहोचतो. अंग तिरकं ठेवलं, एक खांदा गोलकडे, तर पहिल्या स्पर्शातच वळता येतं आणि मागचं मैदानही डोळ्यांच्या कोपऱ्यात राहतं. रॉबसनच्या पहिल्याच घरच्या सामन्यात शेफील्ड वेन्सडेवर ८-०, त्यात शिअररचे ५. मोसमाअखेर ३७ सामन्यांत २३. त्यामुळे सगळं खापर घोट्यावर फोडू नका. निम्मा दोष उभं राहण्याच्या सवयीचा होता.

वयाचं म्हणाल तर २००३-०४ ला, तिशी ओलांडून तीन वर्षं झाल्यावर, ३७ सामन्यांत २२.

आकडेमोड
पेनल्टींचा हिशेब : ६७ मारल्या, ५६ गोल, ११ हुकल्या. ५६ वजा केले तरी २०४ उरतात. फुगवटा म्हणायचाच असेल तर दुसरीकडे बोट दाखवा : लीगचे पहिले तीन मोसम ४२ सामन्यांचे होते, नंतर ३८ चे.

पण उलट बाजूही आहे. ब्लॅकबर्नच्या आधी साउदॅम्प्टनसाठी केलेले २३ लीग गोल या २६० मध्ये धरलेच जात नाहीत, कारण ते प्रीमियर लीग सुरू होण्याच्या, म्हणजे १९९२ च्या आधीचे. १७ व्या वर्षी आर्सेनलवर केलेली हॅटट्रिकही त्यातच गेली. विभागणी ब्लॅकबर्न ११२ (१३८ सामने), न्यूकॅसल १४८ (३०३ सामने). दर सामन्यामागे ०.८१ वरून ०.४९. चौकटराजांना जो फरक डोळ्यांनी दिसला तो हाच. मात्र न्यूकॅसलच्या आकड्यात १७ सामने-२ गोल आणि २०००-०१ चे १९ सामने-५ गोल हे दोन दुखण्याचे मोसमही मिसळलेले आहेत.

चौकटराजा
आभारी आहे. वेग गेला तरी फटका मात्र तसाच राहिलेला दिसतो. तो कशामुळे?

नऊनंबरी
फटक्याला पळायचा वेग लागत नाही. टेकूचा पाय चेंडूच्या बाजूला, मागे नाही. मागे राहिला की चेंडू आभाळात. मारणाऱ्या पायाचा घोटा आवळलेला, बोटं खाली, चेंडू बुटाच्या नाडीवर. छाती चेंडूच्या वर. १ डिसेंबर २००२ चा एव्हर्टनविरुद्धचा व्हॉली (चेंडू हवेत असतानाच मारलेला फटका) हळू गतीने लावा आणि चेंडूकडे न बघता फक्त त्याच्या डाव्या पायाकडे बघा.