रेंज संपल्यावर वाट कशी शोधावी? स्पिती आणि चांगथांगसाठी गाडीतल्या नेव्हिगेशनची तयारी

घाटवाट, पुणे

सर्वांना नमस्कार. येत्या ऑगस्टच्या अखेरीस आम्ही चौघे मित्र दोन फोर-बाय-फोर गाड्या घेऊन मनालीहून स्पितीतले काझा, तिथून पुन्हा कुंझुम खिंड ओलांडून केलाँग, आणि पुढे लडाखच्या चांगथांग पठारावरची त्सो कार व त्सो मोरिरी ही तळी आणि हानले असा प्रवास करणार आहोत. गेल्या वर्षी ग्राम्फूला हमरस्ता सोडून बातलच्या दिशेने वळल्यावर थोड्याच वेळात फोनची रेंज गेली आणि गाडीच्या स्क्रीनवर, पुसलेल्या पाटीसारख्या करड्या पार्श्वभूमीवर, एक निळा बाण तेवढा सरकत राहिला. पुढे एका नाल्यापाशी चाकोऱ्या दोन दिशांना फुटल्या होत्या. मागून आलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या चालकाने हात करून वरची बाजू दाखवली नसती, तर आम्ही थेट नदीच्या गोट्यांत उतरलो असतो.

रेंज नसताना जीपीएस चालते की नाही, याबद्दल आमच्यातच दोन मते आहेत. गाडीतल्या स्क्रीनवर विसंबावे की वेगळे उपकरण विकत घ्यावे, आणि वाट चुकलीच तर आपण कुठे आहोत हे बाहेरच्या जगाला कसे कळवावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नभोवाणी

आपला बाण रेंज गेल्यावरही सरकत होता, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपल्या फोनमधला किंवा गाडीतला रिसीव्हर त्यांचे संदेश फक्त ऐकतो. तो कोणाला काही पाठवत नाही आणि मोबाइलच्या टॉवरशी त्याचा संबंधही नसतो. आपल्याकडे जे गायब झाले ते ठिकाण नव्हे, तर ठिकाणाखालचा नकाशा. तो दर थोड्या अंतराने इंटरनेटवरून उतरत होता आणि रेंजबरोबर थांबला.

एक बारीक अडचण मात्र खरी आहे. रेंज असताना फोनला कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती नेटवर्ककडून आयती मिळते, त्यामुळे ठिकाण काही क्षणांत सापडते. रेंज नसली की हीच माहिती उपग्रहांकडून मिळवावी लागते. प्रत्येक उपग्रह स्वतःची नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, परंतु सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. रात्रभर बंद ठेवलेला फोन सकाळी अरुंद दरीत सुरू केला आणि लगेच गाडी हाकली, तर तो बराच वेळ चाचपडत राहतो. बातलच्या ढाब्यावर चहा येईपर्यंत फोन उघड्या आकाशाखाली बॉनेटवर ठेवावा, म्हणजे हा प्रश्न तिथेच मिटतो.

नकाशांबाबत माझे मत स्पष्ट आहे. गूगलचे नकाशे ऑफलाइन उतरवता येतात, पण त्यांवर पर्यायी मार्ग सुचवले जात नाहीत आणि कच्च्या वाटांचा तपशील तोकडा असतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी ओएसएमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप अशा मुलुखात अधिक उपयोगी पडतात. ओएसएमअँडमध्ये समोच्च रेषांची (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांची) फाइल स्वतंत्रपणे उतरवावी लागते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. गाडीच्या स्क्रीनवर जे दिसते ते पुष्कळदा फोनचेच प्रतिबिंब असते, म्हणून नकाशा नेमका कुठे साठवलेला आहे याची आधी खात्री करून घ्या. वेगळ्या उपकरणाची बॅटरी चिवट असते आणि उन्हात त्याचा पडदा वाचता येतो, हे मान्य. तरीही त्याच पैशांत प्रत्येक गाडीत एक जुना फोन, सिमकार्डाशिवाय आणि तेच नकाशे भरून, ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. निघण्यापूर्वी सगळे फोन फ्लाइट मोडवर टाकून एक दिवस घाटात फिरून पाहा.

खडीचा रस्ता, नाशिक

वरील तांत्रिक माहिती बिनचूक आहे, परंतु ती वाचून नकाशा उतरवला की काम झाले असा समज होऊ नये, म्हणून माझा फसलेला दिवस सविस्तर सांगतो.

मनाली-लेह रस्त्यावर पांग सोडून मोरे मैदान संपता संपता आम्ही त्सो कारकडे वळलो. माझ्या फोनमध्ये ऑफलाइन नकाशा होता, शिवाय कोणीतरी काही वर्षांपूर्वी गाडी चालवताना नोंदवलेला आणि इंटरनेटवर ठेवलेला ट्रॅकही होता. नकाशावर तळ्याच्या काठाने एकच बारीक रेषा होती. प्रत्यक्षात समोर हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या सात-आठ चाकोऱ्या होत्या. मी माझा बाण त्या रेषेवर अचूक ठेवत निघालो आणि त्या अचूकपणाचा मला अभिमानही वाटत होता. काठाजवळची जमीन मिठाने पांढरी झाली होती आणि वरून फरसबंदीसारखी टणक दिसत होती. पुढची दोन चाके त्या पापुद्र्यातून खाली गेली तेव्हा आवाजही फारसा झाला नाही. पापड मोडल्यासारखे काहीतरी झाले आणि गाडी नाकावर बसली. खाली काळा, चिकट चिखल होता. सोबतच्या गाडीने पट्टा लावून आम्हाला बाहेर काढायला तीन तास घेतले.

बाहेर आल्यावर चालत जाऊन पाहिले, तर वापरातली चाकोरी आमच्या उजवीकडे उंचावरून जात होती. तिच्यातली खडी दबलेली होती आणि टायरच्या खुणा ताज्या होत्या. ज्याने तो ट्रॅक नोंदवला तो बहुधा कोरड्या हंगामात गेला असावा. ट्रॅक म्हणजे एका गाडीची एका दिवसाची आठवण असते. त्यानंतर किती नाल्यांनी पात्र बदलले, हे त्या ट्रॅकला ठाऊक नसते. तेव्हापासून मी परक्याचा ट्रॅक दिशेपुरता वापरतो आणि स्वतःच्या ट्रॅकची नोंद मात्र सकाळी किल्ली फिरवल्यापासून चालू ठेवतो, कारण आलेल्या वाटेने मागे फिरण्यासाठी त्याच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही.

चाकोऱ्या फुटलेल्या दिसल्या की उतरून चालावे आणि सर्वांत जास्त दबलेली निवडावी. नवी चाकोरी कधीही पाडू नये. त्सो कारची पाणथळ जागा २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे, तिथे काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात, आणि त्या उंचीवर चिरडलेले गवत परत उगवायला वर्षे लागतात.

ॲप दाखवते त्या वेळेवरही विसंबू नका. ग्राम्फू ते बातल हे अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर आहे, आणि मला ते एकदा पाच तासांत तर एकदा साडेसहा तासांत पार करता आले. माझ्या ॲपने दोन्ही वेळा दोन तास सांगितले होते. दुपारी ऊन चढले की वरचे बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढते. सकाळी सातला टायर भिजवणारा नाला दुपारी तीनला दरवाजापर्यंत येतो. नकाशावर मात्र तो दिवसभर तीच एक निळी रेघ असतो.

कोलोरॅडोचा कऱ्हाडकर

आमच्याकडे सॅन हुआन डोंगरांतल्या जुन्या खाणवाटांवर जाताना बहुतेक जण उपग्रहावरून छोटा संदेश पाठवणारे तळहाताएवढे यंत्र जवळ ठेवतात. रेंज नसली तरी घरी "ठीक आहे" एवढे कळवता येते आणि संकटात मदतीचे बटणही दाबता येते. माझा भाऊ पुढच्या महिन्यात भारतात येत आहे. आपली हरकत नसेल, तर त्याच्याबरोबर माझे यंत्र पाठवू शकतो.

मुक्काम पोस्ट लेह

कऱ्हाडकर, आपली भावना चांगली आहे, पण कृपया ते यंत्र पाठवू नका आणि भावाच्या सामानात चुकूनही राहू देऊ नका. उपग्रहाकडून केवळ ऐकणारे जीपीएस उपकरण आणि उपग्रहाला संदेश पाठवणारे उपकरण यांत आपल्याकडे कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक केलेला आहे. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा तर अशी उपकरणे परवान्याशिवाय नुसती जवळ बाळगण्यालाच गुन्हा मानत आला आहे, मग ती सुरू असोत वा नसोत. थुराया व इरिडियमचे उपग्रह-फोन या बंदीत येतातच. गिर्यारोहकांच्या खिशातली संदेशयंत्रेही येतात, आणि त्यांपायी परदेशी पर्यटकांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सीमेलगतच्या हानलेसारख्या भागात असे काही सापडले, तर पुढचे स्पष्टीकरण लांबेल.

म्हणून घाटवाट यांच्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर जुन्या वळणाचे आहे. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम चालत नाही, तेव्हा दोन्ही गाड्यांत वेगवेगळ्या कंपन्यांचे पोस्टपेड सिम ठेवा. सकाळी निघताना त्या मुक्कामाच्या मालकाला पुढचे ठिकाण आणि पोहोचण्याची वेळ लिहून द्या, आणि संध्याकाळी सहापर्यंत निरोप न आल्यास पुढच्या मुक्कामी चौकशी करावी असे त्याला स्पष्ट सांगा. चेकपोस्टच्या वहीत गाडीचा क्रमांक गिचमिड न करता लिहा. शोध घेण्याची वेळ आली तर माग तिथूनच सुरू होतो. समोरून येणाऱ्या मालवाहू गाडीला थांबवून पुढच्या नाल्याची विचारपूस करण्यात कमीपणा मानू नका.

ट्रिपमीटर, कोल्हापूर

उशिरा लिहितो आहे. मी काही वर्षे टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या वेगाने आणि वेळेत कापण्याच्या) रॅलींमध्ये वाट सांगणारा नेव्हिगेटर म्हणून चालकाशेजारी बसलो आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या रेड द हिमालय या मोटार रॅलीच्या टीएसडी गटात जे काम कागद, पेन्सिल आणि ट्रिपमीटरवर (हवे तेव्हा शून्यावर आणता येणाऱ्या अंतरमापकावर) चालत असे, ते आपल्याही प्रवासात तितकेच उपयोगी पडेल, म्हणून हा प्रतिसाद.

आदल्या रात्री पुढच्या दिवसाचा रस्ता एका पानावर उतरवावा. डावीकडे शून्यापासूनचे अंतर, मध्ये वळणाचे किंवा फाट्याचे छोटेसे चित्र, उजवीकडे खूण, उदाहरणार्थ "पूल ओलांडून लगेच डावीकडे" किंवा "गोंपा उजव्या हाताला". सकाळी ट्रिपमीटर शून्यावर आणावा आणि प्रत्येक खुणेपाशी शेजारी बसलेल्याने मोठ्याने अंतर वाचावे. खूण अपेक्षित अंतराहून एक किलोमीटर उलटूनही आली नाही, तर गाडी थांबवायची. चर्चा थांबलेल्या गाडीत करायची. चुकलेल्या वाटेवरचे पहिले दोन किलोमीटर स्वस्त असतात, दहावा महागात पडतो, आणि तांडीचा पंप मागे पडल्यावर डिझेलचा हिशेब करणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

यात एक गोम आहे. गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील, तर ओडोमीटर कमी अंतर दाखवतो. परीघ पाच टक्क्यांनी वाढला असेल, तर शंभर किलोमीटरमागे जवळपास पाच किलोमीटरचा फरक पडतो. महामार्गावरच्या मैलाच्या दगडांशी वीस किलोमीटर ताडून पाहा आणि आलेला गुणक डॅशबोर्डवर चिकटवा. होकायंत्र न्याल, तर ते गाडीत बसून वाचू नका. पोलाद आणि स्पीकरचे चुंबक सुईला ओढतात. दहा-पंधरा पावले दूर जाऊन वाचा.

आणखी एक चूक मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून होताना पाहिली आहे. फोनवर अक्षांश ३२.५० असे दिसते आणि घाबरलेला माणूस ते "बत्तीस अंश पन्नास मिनिटे" असे सांगतो. वास्तविक ३२.५० म्हणजे बत्तीस अंश तीस मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटरचे असल्यामुळे मदतीला निघालेली गाडी सदतीस किलोमीटर उत्तरेला, बहुधा पर्वतरांगेच्या पलीकडे, आपल्याला शोधू लागते. सर्व फोनांवर एकच पद्धत ठेवा आणि ती वाचून दाखवण्याचा सराव करा.

घाटवाट, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नभोवाणी यांच्या सूचनेप्रमाणे रविवारी चारही फोन फ्लाइट मोडवर टाकून भोरमार्गे वरंध घाटात जाऊन आलो. दोन फोन व्यवस्थित चालले. तिसऱ्यात नकाशा अर्धाच उतरला होता आणि भोर ओलांडताच तीच करडी पाटी पुन्हा दिसली. चौथा फोन काचेला चिकटवलेला होता. उन्हाने तापून त्याने चार्जिंग थांबवले आणि पुढे पडदाही मंद केला.

ट्रिपमीटर साहेब, आपली परीक्षाही घेतली. घाटातून मित्राला अक्षांश वाचायला सांगितला, तर त्याने १८.१२ चे "अठरा अंश बारा मिनिटे" केले. हिशेब केला, तर चूक जवळपास नऊ किलोमीटरची निघाली. तो अभियंता आहे, हे त्याच्या परवानगीने नमूद करतो.

तापणाऱ्या फोनचे काय करावे, एवढेच आता विचारायचे राहिले आहे.

खडीचा रस्ता, नाशिक

काचेवरून काढून एसीच्या जाळीसमोर बसणारा स्टँड घ्या आणि फोनचे जाड कव्हर काढून ठेवा. तिकडे हवा थंड असली तरी उंचीवरचे ऊन आपल्यापेक्षा कडक असते, म्हणून काचेमागचा फोन तिथेही तापतो. रात्री मात्र उलट करावे लागते. गारठ्याने बॅटरी उतरते, तेव्हा फोन आणि पॉवर बँक गाडीत न ठेवता झोपताना पांघरुणात घ्या. चार्जिंगच्या दोन केबल जादा ठेवा. खडीच्या रस्त्यावर फोनआधी केबलच निकामी होते.