अनुभव धागा : हे जनावर असं का वागलं?

माळरानची_माई

उन्हाळा संपता संपता पशुपक्ष्यांची नुसती धांदल चाललेली असते, आणि आपण घामाने बेजार होऊन खिडक्यांशी बसलेलो असतो. म्हणजे बघायला वेळही असतो आणि विषयही. म्हणून हा धागा आत्ताच काढतेय. अट एकच, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहा. मावसभावाच्या मित्राने पाहिलेला नागमणी चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले व्हिडिओ तर अजिबात नकोत. प्राणी तसा का वागला हे ठाऊक असेल तर तेही लिहा, नसेल तर इथे कुणी ना कुणी सांगेलच.

सुरुवात मीच करते. सोलापूरला माहेरी होते, एप्रिलमध्ये. समोरच्या घराच्या गच्चीवर टिटवीने अंडी घातली होती. घरटं असं काही नाहीच, बांधकामातून उरलेली खडी पसरली होती त्यातच. अंडीही खड्यांच्याच रंगाची, ठिपकेवाली. एकदा नजर हलली की पुन्हा सापडेनात. आता पक्षी अंडी उबवतो हे आपण शाळेत शिकलो. पण सोलापुरात एप्रिलच्या दुपारी उबवायचं काय? अंडी उकडून निघतील! तर ही बाई अंड्यांवर सावली धरून उभी राहायची. मग उडून जायची आणि परत यायची ती पोट ओलंचिंब करून. पोटाखालच्या पिसांतून पाणी ठिबकताना स्वच्छ दिसायचं. दोन पावलं चालायची, इकडेतिकडे बघायची, की बसलीच अंड्यांवर ओल्या पोटाने. नर-मादी दोघंही पाळीपाळीने हेच करतात. आईने गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याची परात ठेवली, तर पहिल्या दिवशी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, नंतर मात्र त्यातच बूड भिजवायला लागली.

टिटवी रात्री ओरडली की कुणीतरी जाणार म्हणून घाबरणाऱ्या काकू आमच्या गल्लीतही आहेत. ती ओरडते कारण मांजर, कुत्रा नाहीतर काकू स्वतः तिच्या अंड्यांच्या जवळपास आलेल्या असतात.

बांधावरचा_बंडू

माई, धागा मस्त. मी सांगली जिल्ह्यातला. आमच्या उसाच्या बांधावर सकाळी सकाळी दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसल्या. उभ्या म्हणजे खरंच उभ्या, अंगाचा पुढचा भाग जमिनीपासून वर. वस्तीवरची झाडून सगळी माणसं गोळा झाली. एक म्हातारी म्हणाली, "नाग-धामणीचा लाग हाय, उपरणं टाका त्यावर, तिजोरीत ठिवलं की बरकत येती."

मी सर्पमित्रांबरोबर बरीच वर्षं फिरतोय. हा लाग, म्हणजे मीलन, नव्हता, ही कुस्ती होती. दोन्ही धामणी, आणि दोन्ही नर. मादीवरून किंवा हद्दीवरून हे चालतं. जवळून बघितलं की डाव कळतो. प्रत्येकाचा प्रयत्न एकच, दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचं. एक वर चढतो, दुसरा पीळ घट्ट करून त्याच्याही वर जातो, मग दोघं धाडकन आडवे आणि पुन्हा वर. चावत नाहीत. एवढे दात असलेली जनावरं, पण तोंड मिटलेलं. ज्याचं डोकं खाली राहिलं तो हरला, तो मुकाट्याने निघून जातो. खरं मीलन याच्या मानानं अगदी शांत असतं, जमिनीसरपट, आणि लोकांच्या नजरेला सहसा पडतच नाही.

आमच्याकडचा निकाल मात्र लागला नाही. कुणीतरी उपरणं टाकलंच. दोघंही पीळ सोडून उसात पसार.

खवचट_खंडू

मग नागाची मादी कोण? आमच्या गावात तर शंभर टक्के धामणच म्हणतात.

बांधावरचा_बंडू

खंडूशेठ, नागाची मादी नागीणच. नागात नर-मादी दोन्ही असतात, धामणीतही दोन्ही असतात. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याच्या कामाची. नागाशी तिचा संबंध एवढाच, की ती सापडली तर नाग तिला खातोसुद्धा.

खवचट_खंडू

आजोबांनी टाकलेलं उपरणं आमच्या कपाटात अजून आहे. बरकत वाटेत असावी.

झाडीपट्टी

माझा अनुभव नाकाचा आहे, चालेल ना? ताडोबात बफरमध्ये आमच्या गाईडने जिप्सी एका ऐनाच्या झाडाला अगदी खेटून थांबवली आणि म्हणाला, "वास घ्या." खोडावर साधारण कमरेच्या उंचीवर ओला डाग होता. मला वाटलं उग्र दर्प येणार, डोळ्यांत पाणी येणार. आला तो शिजलेल्या आंबेमोहोराचा वास! गाडीत बसलेल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कुणी डबा उघडलाय का म्हणून.

वाघाच्या मुताचा फवारा होता तो. शेपटी वर करून मागे फवारतो, हद्दीची खूण म्हणून आणि मादीला निरोप म्हणूनही. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या या वासावर उभी हयात घालवली. बासमतीला ज्या रसायनामुळे वास येतो, तेच त्यांच्या गटाला वाघाच्या फवाऱ्यात सापडलं. गाईड लोकांना रसायनाचं नाव माहीत नसतं, पण वासावरून फवारा ताजा की कालचा हे ते बरोबर सांगतात.

पुढे जाऊन त्याच वाटेवर वाघही दिसला. दुसऱ्या झाडाला नाक लावून उभा होता. मग तोंड वर केलं, नाकावर आठ्या घातल्या, वरचा ओठ ओढून जीभ बाहेर काढली. आमच्या मागच्या गाडीतला मुलगा ओरडला, "वाघाला शिंक येतेय!" शिंक नव्हे. टाळूत वास ओळखणारं वेगळं इंद्रिय असतं, तिथपर्यंत वास पोचवायला तो असं तोंड करतो.

गोठ्यातला_गणू

हे तोंड तर आमचा रेडा रोज करतो की! म्हैस मुतली की तिथं हुंगायचं आणि मान वर करून वरचा ओठ उलटा करून उभं राहायचं. वडील म्हणतात रेडा हसतोय. म्हैस माजावर आलीय की नाही हे डॉक्टरच्या आधी त्याला कळतं. वाघाचं बघायला तुम्ही जिप्सीचे पैसे भरले, आमच्याकडं फुकट आहे. या कधीही.

आंब्याखाली

देवगड. कलमांवर ओंबील म्हणजे आमच्या पाचवीला पुजलेली. तांबड्या मुंग्या, झाडावर चढलात की चावा घेऊन वर त्यात आम्ल सोडतात. त्यांची घरटी कशी होतात हे बघण्यासारखं असतं. पानाची कड पानाला जुळवायला मुंग्यांची साखळी होते, एकीने दुसरीची कंबर धरलेली. पानं जवळ आली की काही जणी आतून अळ्या तोंडात धरून आणतात आणि त्या अळीला या पानावर टेकव, त्या पानावर टेकव असं करतात. अळीच्या तोंडातून रेशीम येतं, त्याने पानं शिवली जातात. मोठ्या मुंगीला स्वतःला रेशीम काढता येत नाही. म्हणजे शिवणकाम चालतं ते घरातल्या तान्ह्या पोरांच्या जिवावर.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आंबे उतरवताना एक ओंबील हातावर आली म्हणून झटकली, तर ती धाग्यावर लटकून राहिली. मुंगी कधी धाग्यावर लटकते? भिंग आणून पाहिलं. पाय आठ! पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हलवत होती. उड्या मारणारा कोळी होता तो, थेट ओंबिलीच्या रूपातला. रंग तोच, कंबर तशीच बारीक, चालही तशीच धांदरट. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मुंगीच्या डोळ्यांसारखे काळे ठिपके, आणि खरे डोळे समोर, ते मात्र कोळ्याचेच मोठे. नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चाललीय असं वाटतं. मुंग्यांना तो खात नाही, उलट त्यांच्यापासून अंतर राखून असतो. ओंबिलीच्या वाटेला फार कुणी जात नाही, मग तिचा वेष घातला की आपल्याही वाटेला कुणी येत नाही, असा सगळा हिशेब. त्यानंतर मी हातावर आलेली प्रत्येक ओंबील झटकण्याआधी पाय मोजतो. बहुतेक वेळा मोजून होण्याआधी चावतेच.

माळरानची_माई

'आंब्याखाली', हा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला! फोटो आहे का?

आंब्याखाली

भिंग एका हातात, फांदी दुसऱ्या. फोटो काढायला ओंबिलीसारखी साखळी लागली असती.

खाडीकाठची

माहेर कोळीवाड्यातलं, आता ऐरोलीला. निवट्या आम्ही जन्मभर खाल्ल्या, पण जिवंत निवटी तासभर बघत बसावी असं कधी सुचलं नव्हतं. लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ओहोटीला खाडीवर गेलो आणि बसूनच राहिलो. हा मासा पाण्याबाहेर चिखलावर चालतो, पुढच्या परांवर रेलून, कुबड्या घेतल्यागत. कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओलसर अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो, म्हणून अंग ओलं राहायला हवं. त्यासाठी मधूनच चिखलात गडाबडा लोळतो. डोळे डोक्यावर बेडकासारखे, आणि पापणी लवावी तसा एकेक डोळा आत ओढतो. खाली खोबणीत पाणी असतं, त्यात डोळा भिजवून परत वर! लेक म्हणाली, "आई, हा डोळे धुतोय."

नरांची गंमत अजून पुढे. मादीला दिसावं म्हणून चिखलातून सरळ वर उडी मारतात, शेपटीवर उभे राहिल्यासारखे, पाठीवरचा पर फुलवून. दोन नर समोरासमोर आले की तोंडं वासून एकमेकांवर धावतात. अंडी चिखलातल्या बिळात. तिथलं पाणी कोंदट, प्राणवायू जवळपास नाहीच, म्हणून काही जातींत नर वरून तोंडात हवा भरून नेतो आणि बिळातल्या पोकळीत सोडतो. जिच्या पोटी जन्मले तिच्यापेक्षा बापाचेच कष्ट जास्त.

फ्लेमिंगो बघायला बोटीतून जाणारे लोक वर आभाळाकडे बघतात. जरा खाली चिखलाकडेही बघा.

ब्रिस्बेनकर

इकडे ऑस्ट्रेलियात सप्टेंबर म्हणजे वसंत, आणि वसंत म्हणजे मॅगपाय डोक्यावर झडप घालणार. काळापांढरा, कावळ्याएवढा पक्षी, आवाज इतका गोड की पहिल्या वर्षी मी मुद्दाम थांबून ऐकायचो. पिल्लं घरट्यात असली की काही नर पाठीमागून येऊन टोचतात. सगळे नाहीत, दहातला एखादाच, पण तो नेमका माझ्या सायकलच्या वाटेवर राहतो. लोक हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या लावून साळिंदर बनून फिरतात, कुणी मागे डोळे रंगवतात. माझ्या बायकोवर तो कधीच येत नाही. ती त्याच रस्त्याने चालत जाते, थांबते, त्याच्याशी मराठीत बोलते. चेहरे त्यांना ओळखता येतात हे इथल्या अभ्यासकांनी दाखवलंय. मी सायकलवर, घाईत, हेल्मेटमध्ये, म्हणजे संशयितच.

या पक्ष्यांचा एक किस्सा फार गाजला. इथून जवळच्या सनशाइन कोस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅगपायच्या पाठीवर छोटी यंत्रं बांधली, माग काढायला. पट्टा असा, की चुंबकाशिवाय सुटू नये. पाच पक्ष्यांना बांधली, तर दुसरे मॅगपाय येऊन चोचीने पट्टा तपासायला लागले आणि नेमक्या कच्च्या जागी तोडून त्यांनी सोबत्यांना मोकळं केलं. 2022 मध्ये त्यावरच शोधनिबंध आला. मूळ प्रयोग फसला, त्यातून हा निघाला.

खवचट_खंडू

आमच्या सोसायटीतला कावळा हेच करतो. पार्किंगमधून जाताना फक्त सेक्रेटरींच्याच डोक्यावर टोचतो. झाडाच्या फांद्या त्यांनीच तोडून घेतल्या होत्या. ते शनीची शांत करून आले, कावळा काही शांत झाला नाही.

माळरानची_माई

खंडू, कावळ्याचं चेहरे लक्षात ठेवणं सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात आदिमानवाचा मुखवटा घालून कावळे पकडले, खुणा करून सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कुणीही फिरलं तरी कावळे कलकलाट करून अंगावर यायचे. वर्षं गेली तरी विसरले नाहीत, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं ते कावळेही शिकले. सेक्रेटरींना पिल्लं उडेपर्यंत दुसऱ्या जिन्याने जायला सांगा.

वाळूतली_पावलं

गुहागर. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला रात्री येते. मागच्या परांनी आळीपाळीने वाळू उपसते, एक आत, एक बाहेर, हंड्यासारखा खड्डा. बघून नवल वाटतं, कारण तिला स्वतःला तो दिसत नसतो, सगळं मागे चाललेलं. अंडी घालून झाली की खड्डा बुजवते आणि मग अंग या कुशीवरून त्या कुशीवर आपटत वाळू दाबते. धप्प धप्प आवाज येतो, जवळ बसलं तर जमीन हादरल्याचं जाणवतं. डोळ्यांतून पाणी गळतं, आजी म्हणायची पोरं सोडून जाते म्हणून रडते. ते मीठ असतं, समुद्राचं जास्तीचं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून ती बाहेर टाकते.

जानेवारी 2025 मध्ये इथे आलेल्या एका मादीच्या परावर धातूची पट्टी निघाली, क्रमांक 03233. ती पट्टी 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली! म्हणजे बंगालच्या उपसागरातून, बहुधा श्रीलंकेला वळसा घालून, इकडे. समुद्रातून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. पूर्वेची कासवं पूर्वेला, पश्चिमेची पश्चिमेला, असंच धरून चाललं होतं सगळं.

झाडीपट्टी

जबरदस्त! तीच पुन्हा येईल का हो गुहागरला?

वाळूतली_पावलं

रिडले एका हंगामात दोनदा घालू शकते, पुढच्या वर्षीही येऊ शकते. तिकडे गेली तर तिकडेही. तुम्ही कोकणात आलात आणि रात्री किनाऱ्यावर कासवीण दिसली, तर टॉर्च मारू नका, फ्लॅश नको, समोर उभं राहू नका. अंडी घालून होईस्तोवर मागे बसून राहा. ती परतताना तिच्या पुढच्या परांवर पट्टी दिसली तर नंबर लिहून घ्या आणि वनखात्याच्या कासवमित्राला लगेच फोन करा.